पाडव्यानंतर येतो

माझ्या टेबलावर दोन रजिस्टरं असतात. एक निळ्या पुठ्ठ्याचं, लांबट. त्यात गुदाशयाच्या कॅन्सरचे पेशंट. दुसरं लाल कापडात बांधलेलं, किराणा दुकानात उधारीला असतं तसलं. त्यात खांद्याचे, कोपराचे, मनगटाचे. खरी माहिती कॉम्प्युटरमध्येच भरायची असते. पण 'पुतण्याचा नंबर, ७ नंतर लावणे, सुनेनं उचलला तर आजाराचं नाव काढू नये' हे भरायला कॉम्प्युटरमध्ये रकाना नाही. म्हणून रजिस्टरं सुटत नाहीत.

माझा हुद्दा स्टडी कोऑर्डिनेटर. गावाकडं आईनं सगळ्यांना सांगून ठेवलंय, पोरगी संभाजीनगरला दवाखान्यात फोनवर असते. तिचं काही चुकत नाही. एमआरआय वाचणाऱ्या मॅडम आणि हाडांचे सर, दोघांत मिळून एक माणूस ठेवलाय, तो मी. मॅडमना बघायचं असतं की त्यांनी फोटोत जे पाहिलं ते पुढं खरं निघालं का. सरांना बघायचं असतं की ज्याचा खांदा उघडला आणि ज्याचा नाही उघडला, त्या दोघांत वर्षानं काय फरक राहिला. दोघांचीही उत्तरं पेशंटकडं असतात आणि पेशंट असतात गेवराईला, धारूरला, सोनपेठला, कळंबला. मग मी फोन लावते.

तीनदा फोन लावून, पत्र टाकूनही माणूस सापडला नाही की शेवटच्या रकान्यात एलटीएफ पडतं. लॉस्ट टू फॉलोअप. पहिल्या वर्षी मला हा शब्द फार लागायचा. जत्रेत कुणाचं पोर माझ्या हाती दिलेलं आणि मीच ते हरवून बसले, असं काहीतरी. आता तेवढं लागत नाही. एलटीएफ केलेल्या एक आजी परवा मला बीडच्या स्टँडवर दिसल्या. निवांत उसाचा रस पीत होत्या. मला ओळखून म्हणाल्या, "बाई, तुझा फोन येईना हल्ली."

निळ्या रजिस्टरात एक मामा आहेत. बाईमाणसाला मी मावशी म्हणते आणि पुरुषाला मामा. 'सर' म्हटलं की लोक कर्जवसुलीचा फोन समजून ठेवून देतात. तर मामा वडवणी तालुक्यातले, वय ४८, ऊसतोडीला जाणारे, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. परसाकडला रक्त जायचं. दीड वर्ष मूळव्याध म्हणून काढलं. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील, मूळव्याध-भगंदर, एका इंजेक्शनात कायमचा आराम. तसली दोन इंजेक्शनं झाली. मग कुणाचा तरी पाला झाला. दीड वर्षात चार जणांनी पैसे घेतले आणि एकानंही बोट घालून तपासलं नाही. गाठ गुदद्वारापासून ५ सेंटीमीटरवर होती. बोटाला लागली असती. हे मी रागानं लिहितेय आणि तो राग लपवायचं मला कारण दिसत नाही. हातमोजा आणि थोडी जेली, खर्च तो काय? पण लाज तपासणाऱ्यालाही असते, तपासून घेणाऱ्यालाही असते, आणि गाठीला मात्र कुणाची लाज नसते.

त्यांचा पहिला एमआरआय मॅडमनी मला शेजारी बसवून दाखवला होता. मी बीएस्सी झालेली, मला सगळं करडं धुकं दिसलं. मॅडम पुण्याच्या. त्या समजावताना लिफाफा म्हणतात. मी पेशंटला सांगताना त्याची उशी करते. मधोमध नळी, म्हणजे गुदाशय. भोवती कापूस, म्हणजे चरबी, आणि तिच्यात बारक्या लसीकागाठी. वरून खोळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतकी पातळ. ऑपरेशन करणाऱ्यानं खोळ न फाडता अख्खी उशी बाहेर काढायची. इंग्लंडात बेसिंगस्टोक नावाच्या गावी बिल हील्ड नावाचे सर्जन होते, त्यांनी १९८२ साली हे मांडलं. त्याआधी बरेचसे सर्जन हातानं चाचपडत चरबीतूनच वाट काढायचे. खोळ फाटायची, थोडा कापूस आत राहायचा आणि त्यात वर्षा-दोन वर्षांनी आजार पुन्हा उगवायचा. पुढं १९८६ साली लीड्सच्या फिलिप क्वर्क यांनी ५२ पेशंटचे काढलेले भाग घेतले, पाव कापावा तशा त्यांच्या आडव्या चकत्या केल्या आणि दाखवून दिलं की जिथं कड स्वच्छ सुटलेली नसते तिथंच आजार परत येतो.

पण कड स्वच्छ सुटली का, हे कळणार कापून झाल्यावर. तोवर उशीर झालेला. आधी कळलं असतं तर अगोदर शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन गाठ आवळून घेता आली असती. हे 'आधी' एमआरआयनं मिळवून दिलं. मर्क्युरी नावाचा अभ्यास युरोपातल्या चार देशांत ११ ठिकाणी झाला. जीना ब्राउन या रेडिओलॉजिस्ट त्याच्या पुढारपणात होत्या. २००६ साली तो छापून आला तेव्हा त्यात ४०८ पेशंट होते. पद्धत सरळ होती. गाठ खोळीपासून १ मिलिमीटरपेक्षा लांब आहे की नाही ते फोटोवरून आधी लिहून ठेवायचं आणि ऑपरेशननंतर चकत्यांवर ताडून बघायचं. ज्यांची कड पुढं खरोखर स्वच्छ निघाली, त्यांतल्या ९२ टक्क्यांबद्दल फोटोनं ते आधीच सांगितलेलं होतं. ज्वारीचा दाणा साधारण ४ मिलिमीटरचा धरा. त्याच्या पाव हिश्श्यावर माणसाचा पुढचा रस्ता ठरतो, आधी शेक की थेट ऑपरेशन.

फोटो मात्र नीट निघाला पाहिजे. काप ३ मिलिमीटरचे, आणि गाठीला बरोबर काटकोनात. काकडी तिरकी कापली की चकती लांबट येते, तसं एमआरआयचं होतं. काप तिरका गेला की लांब असलेली गाठ खोळीला टेकल्यासारखी दिसते. आतडं हलू नये म्हणून आधी एक इंजेक्शन. आणि अंगावर धातू नको. इथं आमच्याकडं खरी अडचण येते. मामांच्या कमरेला करदोडा होता, त्याला पत्र्याच्या पेटीची किल्ली. ती मी काढून घेतली तर स्कॅन होईपर्यंत ते मशीनमध्येही मूठ उघडून-मिटून किल्लीच शोधत होते. बायकांचं मंगळसूत्र निघत नाही. सासू बाहेर बसलेली असते. आमच्या टेक्निशियननं त्यावर तोड काढलीय. त्याच्या ड्रॉवरमध्ये दोऱ्यात ओवलेली चार-पाच हळकुंडं कायम असतात. मंगळसूत्र काढायचं, हळकुंड बांधायचं, स्कॅन, मग उलट. एवढ्या महागाच्या मशीनशेजारी हळकुंडाचा ड्रॉवर. मॅडमनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी घरून मोठी बघून तीन हळकुंडं घेऊन आल्या.

मामांना पाच आठवडे शेक आणि सोबत गोळ्या झाल्या. मग मधे काही आठवडे सोडून पुन्हा एमआरआय. या फोटोत जिवंत गाठ करडी दिसते आणि जळून वण झालेली जागा काळी. पेशंटला हे उलटं वाटतं. काळं म्हटलं की चेहरा पडतो. मामांना मी म्हटलं, इथं काळं म्हणजे चांगलं. ते म्हणाले, "पऱ्हाटी जाळल्यावर रान काळं होतं तसं?" तसंच. दुर्बिणीतून पाहिलं, बोटानं पाहिलं, कुठं काही लागेना.

मग तो प्रश्न आला, जो वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फारसा कुणी विचारलाच नसता. गाठ दिसत नाही, लागत नाही, तर कापायचं का? गाठ इतकी खाली की कापायचं तर संडासची जागा कायमची बंद आणि पोटावर पिशवी. ब्राझीलमधल्या साव पावलोच्या अँजेलिता हाब्र-गामा या सर्जनबाईंनी २००४ साली २६५ पेशंटचा अनुभव मांडला. त्यांतल्या ७१ जणांची गाठ शेक-औषधांनी पूर्ण विरघळली होती. त्यांना त्यांनी कापलं नाही, नुसतं लक्ष ठेवलं. जगभरच्या सर्जननी भुवया उंचावल्या. आता ही पद्धत मान्य झालीय, थांबा आणि पाहा. पण तिच्यात 'पाहा'वर सगळा भार आहे. २०१८ साली अशा ८८० पेशंटची जगभरातून एकत्र केलेली माहिती छापली गेली. साधारण चारांतल्या एकाला दोन वर्षांत गाठ परत उगवली होती. उगवते ती बहुतेक आतड्याच्याच भिंतीत, म्हणजे वेळेवर दिसली तर काढता येते. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी यायचं. बोट, दुर्बीण, एमआरआय.

सर्जननी, मॅडमनी दोन्ही बाजू सांगितल्या. मामांनी फार वेळ लावला नाही. "पिशवी घेऊन मोळी कशी बांधू?" कागदावर सही केली. दर तीन महिन्यांनी येईन म्हणाले.

जूनमध्ये आले. सप्टेंबरमध्ये आले, गुडघ्यापर्यंत चिखल, रात्री मुक्कामी एसटीनं निघालेले. दोन्ही वेळा काळं. डिसेंबरात फोन बंद. पुतण्याला लावला. तो म्हणाला, तात्या गेले की कारखान्यावर, दिवाळी झाली की टोळी निघाली. कोणता कारखाना? ते मुकादमाला माहीत. मुकादमाचा नंबर मिळवायला मला चार दिवस लागले. मुकादमानं आधी विचारलं, तुम्ही पोलीस का वकील? शेवटी एका रात्री साडेनऊला मामांचा आवाज आला. मागं ट्रॅक्टरचं इंजिन, भरणी चालली होती.

"ताई, निपाणीच्या पुढं हाव आमी. पाडव्यानंतर येतो."

"मामा, पाडवा मार्चअखेर. तुम्ही आत्ता यायला पाहिजे होतं."

"लाखाची उचल घेतलीय. मी आलो तर कोयता मोडतो. एकटी बाई काय करील? अन् मला दुखत नाही, रक्त नाही. ठणठणीत हाव. पाडव्यानंतर येतो, कारखान्याचा पट्टा पडला की."

मी रजिस्टरात 'पाडव्यानंतर' लिहिलं. हे मी खूपदा लिहिते. 'पेरणीनंतर', 'लग्न झाल्यावर', 'कापूस निघाल्यावर'. कॉम्प्युटर मात्र तारीख मागतो, दिवस-महिना-वर्ष.

साव पावलोत किंवा हॉलंडमध्ये कागद लिहिणाऱ्या माणसाच्या मनात तीन महिने म्हणजे तीन महिने. चूक त्याची नाही. ऊसतोडीच्या माणसाचं वर्ष बारा महिन्यांचं नसतंच, त्याचे दोनच तुकडे असतात. कारखाना आणि गाव. मधे कुठं तुटत नाही. मामांना थांबा-आणि-पाहा द्यायला हवं होतं का, यावर मॅडम आणि सर्जन यांच्यात पुढं वाद झाला. मी चहा घेऊन गेले होते, मला अर्धाच ऐकू आला. सर्जन म्हणत होते, जो येऊ शकत नाही त्याला कापणंच सुरक्षित. मॅडम म्हणत होत्या, मग पिशवी गरिबालाच का? मला दोघांचंही पटलं आणि त्यामुळं त्या रात्री झोप लागली नाही.

आता लाल रजिस्टर. हे जरा हलकं आहे, माणसं मरत नाहीत त्यात. खांद्याच्या पेशंटला विचारायची बारा प्रश्नांची एक यादी आहे, ऑक्सफर्डमध्ये १९९६ साली तयार झालेली, जगभर तीच वापरतात. ४८ पैकी गुण. त्यात एक प्रश्न आहे, सुरी आणि काटा-चमचा एकदम वापरता येतो का. धारूरच्या एका मावशींना मी हा प्रश्न प्रामाणिकपणे वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "दोन्ही हातांनी कोण जेवतंय, पोरी?" आणखी एक प्रश्न ट्रेमध्ये ताट ठेवून खोलीतून न्यायचा. एक, कपाटात कपडे टांगायचा. मी माझ्या वहीत शेजारी दुसरी यादी करून ठेवलीय. भाकरी थापता येते का. डोक्यावर घागर घेताना हात वर जातो का. पाठीमागं चोळीची गाठ बांधता येते का. वेणी घालता येते का (हा मूळ यादीतही आहे, केस विंचरण्याचा, बायकांचा खांदा कुठंही गेला तरी केसांपाशी अडतो). या यादीला गुण नाहीत, ती कुठं पाठवता येत नाही. सर कधीकधी वाचतात.

निळ्या रजिस्टरात असली सोय नाही. आतडं जोडून दिलेल्या पेशंटसाठी पाच प्रश्न आहेत, डेन्मार्कमध्ये २०१२ साली बनलेले. वारा आवरता येतो का, पातळ संडास कपड्यात होते का, तासाभरात परत-परत जावं लागतं का, असे. साठीच्या माणसाला, सून शेजारी भाजी निवडत बसलेली असताना, फोनवर विचारायचे. मी आवाज बारीक करते. समोरचा माणूस ओरडून सांगतो, कारण त्याला वाटतं ऐकू येत नाही.

लाल रजिस्टरात माझ्या आईचं नाव नाही, पण ते असायला हवं असं मला नेहमी वाटतं.

आमचं गाव भूम तालुक्यातलं. तिकडं घराघरात खव्याची भट्टी. आईनं तीस वर्षं कढईतलं दूध उलथन्यानं घोटलं. दूध खाली लागू द्यायचं नाही, म्हणून हात थांबवायचा नाही. उजवा खांदा दुखायला लागला. रात्री त्या कुशीवर झोपता येईना. २०१५ साली एका दवाखान्यात दाखवलं. हाड वाढून शिरेवर घासतंय म्हणाले, दुर्बिणीतून तासून देऊ. आम्ही एक म्हैस विकली. ऑपरेशन झालं, सहा महिन्यांनी आई म्हणाली, बरं आहे गं, पहिल्यापेक्षा बरं आहे.

२०१८ मध्ये मी या कामाला लागले आणि त्याच वर्षी सरांनी मला वाचायला दिलेला पहिला पेपर नेमका याच ऑपरेशनचा निघाला. इंग्लंडमध्ये हे ऑपरेशन २००० साली अडीच हजारांच्या आसपास व्हायचं, २०१० साली २१ हजारांवर गेलं. मग कुणीतरी विचारलं की याचा उपयोग होतो का. ३१३ पेशंटचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाचं हाड तासलं. दुसऱ्या गटाला भूल दिली, छिद्र पाडलं, दुर्बीण आत घालून पाहिलं आणि काहीही न करता बाहेर काढली. तिसऱ्याला ऑपरेशनच नाही. सहा महिन्यांनी तीच बारा प्रश्नांची यादी. तासलेले आणि नुसतेच पाहिलेले, दोघांत फरक नाही. काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट थोडे बरे, पण तो फरक इतका लहान की रोजच्या जगण्यात जाणवू नये.

मी तो पेपर तीनदा वाचला. मला म्हैस आठवत होती. तिचं नाव चांदी, कपाळावर पांढरा ठिपका. त्या दवाखान्यानं फसवलं असं मी म्हणणार नाही, तेव्हा जगभर हेच करत होते. पण गणित करायला कोण थांबतं? आईला सांगू की नको यात वर्ष गेलं. एका दिवाळीत भट्टीपाशी बसून सांगितलंच. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हणजे न करता पण बरं वाटलं असतं?"

"कदाचित. थोडं."

"अन् घोटणं कोण थांबवलं असतं?" ऑपरेशननंतर तिला चार महिने कढईजवळ जाऊ दिलं नव्हतं. काकूनं भट्टी सांभाळली होती. आईच्या आयुष्यातली ती एकमेव सुट्टी. हे त्या पेपरात कुठल्याच गटात बसत नाही, पण माझ्या मते खांदा बरा झाला तो तेवढ्यानंच.

खांद्यावरचा मोठा अभ्यासक म्हणजे बोस्टनचा अर्नेस्ट कॉडमन. आखडलेल्या खांद्याला 'फ्रोझन शोल्डर' हे नाव त्यानंच १९३४ साली दिलं. पण मला तो आवडतो त्याचं कारण वेगळं. त्याचं म्हणणं साधं होतं, दवाखान्यानं प्रत्येक पेशंटचं एक कार्ड ठेवावं आणि वर्षभरानं गाठून विचारावं की शेवटी काय झालं. बरा झाला का? नसेल तर का नाही? १९११ ते १९१६ या काळात त्यानं स्वतःच्या छोट्या दवाखान्यातल्या ३३७ पेशंटचा हिशेब छापला आणि त्यात स्वतःच्या १२३ चुका मोजून दाखवल्या. आमच्याकडं कुणी असं छापलं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या काचा शिल्लक राहणार नाहीत. तिकडंही त्याचं फार भलं झालं नाही. मोठ्या हॉस्पिटलनं ही कल्पना घेतली नाही म्हणून १९१४ साली त्यानं तिथून राजीनामा दिला. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या भर सभेत त्यांच्यावरच काढलेलं एक मोठं व्यंगचित्र उघडलं, सोन्याची अंडी देणारा शहामृग, डोकं वाळूत खुपसलेला. त्यानंतर शहरानं त्याला जवळजवळ वाळीत टाकलं. १९४० साली गेला. कबरीवर दगड बसला तो २०१४ मध्ये.

त्याच्या त्या कार्डांचं काम कोण करत असेल, फोन नसताना? पत्रं लिहिणारी एखादी बाई असणारच.

हे सगळं बोस्टन-लीड्सचं झालं म्हणून कुणी समजू नये की आमच्याकडून जगाला काही गेलं नाही. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलनं १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू केली. बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, पण नोंदणीत आमचे भूम आणि परंडा हे तालुकेही होते. खेड्यातला पेशंट दवाखान्यात येत नाही, मग नोंद करणारेच गावोगाव फिरायचे, कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का, विचारत. लहानपणी आमच्या ओट्यावर असा एक माणूस बसल्याचं मला आठवतं. खांद्याला पिशवी, हातात लांबट रजिस्टर. आजी त्याला दरवेळी ताक द्यायची आणि दरवेळी खोटं सांगायची, आमच्या घरात कुणाला काही नाही.

आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा. १९९९ पासून तिथं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक अभ्यास झाला. ५२ गावगट, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ बायका. चार भाग केले, तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या, चौथ्यात नेहमीचंच. आठ वर्षांचा हिशेब २००९ साली अमेरिकेतल्या मोठ्या नियतकालिकात छापून आला. एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणारा विषाणू, त्याची तपासणी झालेल्या ३४ हजार बायकांत या कॅन्सरनं ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजारांत ६४. एकदाच केलेल्या एका तपासणीनं मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात हे जगाला आमच्या बायकांनी दाखवलं. चौथ्या भागाला तपासणी का नाही दिली, यावर नंतर पुष्कळ टीका झाली. ती मला पटते. त्या ६४ जणींना आकडा व्हायचं नव्हतं. पण आठ वर्षं लाखावर बायकांचा माग ठेवणं म्हणजे काय, हे मला टेबलावर बसल्यावर कळतं. तिथं कुणीतरी दारोदार गेलं होतं. माझ्या आत्याच्या गावी तपासणी झाली होती. तिला एवढंच आठवतं, "दोन पोरी आल्या होत्या, लई गोड बोलायच्या. लाज वाटू दिली नाही."

मामा पाडव्यानंतर आले. गुढीच्या आठव्या दिवशी, न सांगता, दुपारी एक वाजता. करदोड्याची किल्ली त्यांनी स्वतःहून काढून माझ्या हातात दिली. मॅडमनी फोटो पुढंमागं सरकवला. काळ्या वणाच्या वरच्या कडेला एक करडी लकेर होती, नखाएवढी. मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी खोळीपर्यंतचं अंतर मोजलं, ९ मिलिमीटर, आणि मोठ्यानं म्हणाल्या, "अजून पुष्कळ आहे." तुकडा तपासून आला, आजार परतला होता.

डिसेंबरात आले असते तर लकेर अजून लहान असती, किंवा नसतीच. कापावं लागलं असतं ते पुढंही कदाचित लागलंच असतं. हे मी त्यांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. मे महिन्यात ऑपरेशन झालं. कड चारी बाजूंनी स्वच्छ सुटली. पिशवी आली. पिशवी बदलायला त्यांची बायको, म्हणजे मावशी, पहिल्याच दिवशी शिकल्या, मामांनी बघायलाच आठवडा घेतला.

टाके काढायच्या दिवशी मावशी पिशवीची पट्टी चिकटवताना डावा हातच पुढं करत होत्या. उजवा खांद्यापासून वर येईना. मी विचारलं तर म्हणाल्या, जानेवारीपासनं असाच आहे, मोळी डोक्यावर चढवताना कट्कन वाजलं. मग? मग काय, डाव्यानं चढवली. मी त्यांना सरांकडं नेलं. रक्तात साखर निघाली, खांदा आखडलेला. सरांनी हात हळूहळू फिरवून पाहिला आणि ऑपरेशनचं नाव काढलं नाही. २०२० साली इंग्लंडात ३५ हॉस्पिटलांत आखडलेल्या खांद्याच्या ५०३ पेशंटवर तीन रीती ताडून पाहिल्या, इंजेक्शन आणि व्यायाम, भूल देऊन हात मोकळा करणं, दुर्बिणीचं ऑपरेशन. वर्षानं तिन्हींत ठळक सरस अशी एकही निघाली नाही. सरांनी एक इंजेक्शन दिलं आणि भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायला शिकवलं. मावशींनी विचारलं, कुडाच्या भिंतीवर चालेल का? चालेल म्हणाले.

मी लाल रजिस्टर उघडलं. नाव, वय, गाव. बारा प्रश्न घेतले. काटा-चमच्याच्या जागी आलो तेव्हा मी तो न वाचता भाकरीचं विचारलं आणि रकान्यात काय भरायचं याचा विचार करत बसले. महिन्यानं कधी येणार? मावशींनी मामांकडं बघितलं, मामांनी खिडकीबाहेर. "मला हाफ तिकीट आहे," त्या म्हणाल्या, "मी येईन. ह्यांचं बी त्याच दिवशी धरा."

मग मी फोन नंबर विचारला. त्यांना पाठ नव्हता. मामांनी सांगायला सुरुवात केली आणि पहिल्या चार आकड्यांनंतर मला ऐकायची गरज उरली नाही. निळ्यातून लाल रजिस्टरात मी तो उतरवून घेतला आणि पुढं लिहिलं, ७ नंतर लावणे.